नेटवर्कची विद्या कमी प्रतीची नव्हे

दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न अलीकडे दरवर्षी एकच असतो: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शाखेत जागा मिळेल काय, आणि न मिळाल्यास मुलाचे पुढे कसे होणार? वडिलांच्या हाती गुणपत्रिकेची नक्कल असते, आईच्या मुद्रेवर चिंता असते, आणि ज्याच्या आयुष्याची ही तजवीज चाललेली असते तो मुलगा खाली मान घालून बसलेला असतो. अभियांत्रिकी, वैद्यक, लेखापालन आणि स्पर्धा परीक्षा या रुळलेल्या वाटांविषयी पुष्कळांनी पुष्कळ सांगितले आहे. ज्याला त्यांची मनापासून ओढ असेल त्याने त्या खुशाल धराव्यात. मला बोलायचे आहे ते एका उपेक्षित विद्येविषयी, म्हणजे नेटवर्कच्या देखभालीविषयी.

गेल्या वर्षी एका कचेरीत कामानिमित्त गेलो असता तेथील सारा कारभार ठप्प झालेला आढळला. ज्या स्विचमधून तेथील प्रत्येक संगणकाची तार जाते, त्याची कार्यप्रणाली बदलताना नवी फाइल पुरती उतरण्याआधीच कोणी जुनी पुसून टाकली होती, तेवढ्यात वीज गेली, आणि वीज परत आली तेव्हा स्विचपाशी प्रणालीच उरली नव्हती. दुरुस्तीस आलेली मुलगी तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेली, वयाने जेमतेम बावीस वर्षांची. तिने कन्सोल केबल, म्हणजे स्विचशी थेट संवाद साधण्याची तार, जोडली, पडद्यावर ‘स्विच:’ एवढीच अक्षरे उमटलेली पाहिली, आणि प्रणाली गेली असली तरी तिला जागे करणारा बूटलोडर शाबूत आहे, असे भोवती जमलेल्या मंडळींना शांतपणे सांगितले.

त्यानंतर तिने जे केले त्यात या विद्येचे सारे मर्म आहे. अननुभवी माणूस अशा वेळी फ्लॅश स्मृती एकदम पुसून मोकळा होतो. तिने प्रथम त्या स्मृतीतील फाइलींची यादी पाहिली, कोणते पोर्ट कोणत्या विभागाकडे जातात याचा तपशील ज्या फाइलीत असतो ती पडद्यावर उघडून तिची नक्कल आपल्यापाशी ठेवली, आणि नव्या फाइलीचा, ती अखंड आहे हे पडताळणारा एमडी5 अंक निर्मात्याने दिलेल्या अंकाशी जुळतो याची खातरजमा करून मगच ती पाठविण्यास घेतली. अशा स्विचच्या कन्सोलचा वेग सहसा 9600 बॉड असतो. एका बाइटमागे आरंभाचा आणि शेवटचा धरून दहा बिट जात असल्याने सेकंदाला 960 बाइट, म्हणजे बारा मेगाबाइटच्या फाइलीस साडेतीन तास लागावेत. तिने तो वेग 115200 केला आणि काम अर्ध्या तासावर आणले. फाइल पोचवणारी एक्समोडेम ही पद्धत वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी 1977 साली रचलेली; 128 बाइटचा एकेक तुकडा पाठवायचा, पोच आली की पुढचा, आणि न आली तर तोच पुन्हा. स्विच सुरू झाल्यावर ती लगेच उठली नाही. कन्सोलचा वेग तिने आठवणीने पूर्ववत 9600 केला, कारण तो तसाच राहिला असता तर पुढे येणाऱ्या अनोळखी कारागिराला पडद्यावर निरर्थक चिन्हांखेरीज काहीही दिसले नसते.

या मार्गाचा प्रवेश दुर्घट नाही. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचा अभ्यासक्रम आहे. तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका आहे, आणि ती घेतलेल्यास पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेण्याची मुभा आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतन घेऊन काम शिकता येते. नेटवर्कच्या ज्ञानाची सीसीएनए ही परीक्षा अवश्य द्यावी; परंतु फुटलेल्या प्रश्नांची उत्तरे पाठ करवून घेणाऱ्या आणि नोकरीची हमी देणाऱ्या वर्गांच्या दारात पाऊल टाकू नये, कारण बंद पडलेल्या स्विचपुढे पाठांतर कामास येत नाही. हेही सांगितले पाहिजे, की आरंभीचा पगार बेताचा असतो, रात्री-अपरात्री बोलावणे येते, आणि ज्याच्यापाशी सोशीकपणा नाही त्याने या वाटेस जाऊ नये.

आता पालकांस स्पष्ट सांगतो. ‘आमचा मुलगा काय तारा जोडत बसणार?’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे, आणि त्यात मुलाच्या हितापेक्षा नातेवाइकांत मिरवण्याची हौस अधिक असते. ज्या मुलाला गणिताच्या अमूर्त सूत्रांत गोडी नाही, पण घरातला बंद पडलेला राउटर उघडून तासन्‌तास त्याच्यापाशी बसावेसे वाटते, त्याला कर्ज काढून फॅशनच्या शाखेत ढकलणे हा अन्याय आहे. चार वर्षांनी त्याच्या हाती पदवी येते, परंतु आपण कशाच्याच उपयोगाचे नाही ही समजूत त्याच्या मनात कायमची घर करते. असे तरुण मी पाहिले आहेत, आणि त्यांचे आईबाप मुलाचे कल्याणच चिंतीत होते हेही मला ठाऊक आहे. पण तेवढ्याने झालेली हानी काही कमी होत नाही.

म्हणून प्रवेशाच्या अर्जावर शाखांचा पसंतीक्रम भरण्यापूर्वी एका संध्याकाळी मुलाला वा मुलीला जवळ बसवून विचारा, की कोणत्या कामात तुला वेळेचे भान राहत नाही. आणि उत्तर पुरते संपेपर्यंत मध्ये एक शब्दही बोलू नका.