बीजदोष आणि जनुकविज्ञान : सिकलसेलच्या निमित्ताने

चरकाचार्यांनी शारीरस्थानात बीज, बीजभाग व बीजभागावयव असा उत्तरोत्तर सूक्ष्म विचार मांडला आहे. बीजाचा जो अंश दुष्ट होतो, त्यापासून निर्माण होणारा शरीरभाग विकृत होतो, हा त्याचा आशय. सुश्रुताचार्यांनी शुक्रशोणितदोषजन्य व्याधींना आदिबलप्रवृत्त म्हटले. बीजभागावयव म्हणजेच जनुक, असे समीकरण घाईने मांडू नये. दोन्ही शास्त्रांची परिभाषा वेगळी आहे. तथापि व्याधीचे मूळ बीजात असू शकते, हे ज्याला मान्य आहे, त्या वैद्याला जनुकविज्ञान परके वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्रापुरते याचे ठळक उदाहरण म्हणजे सिकलसेल.

विकृतीचे स्वरूप

हिमोग्लोबिनमधील बीटा ग्लोबिन साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. त्यातील एकच अक्षर बदलते आणि साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. प्राणवायू कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटते, रक्तपेशी विळ्याच्या आकाराची व ताठर होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या अडतात. तीव्र वेदना, पांडुता, कामला, प्लीहावृद्धी आणि वारंवार जंतुसंसर्ग ही लक्षणे त्यातून उद्भवतात.

सदोष जनुक एकाच पालकाकडून आले तर व्यक्ती वाहक असते; तिला सहसा त्रास नसतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के. भिन्न कुळात विवाह केला म्हणजे धोका टळला, असे नाही. एकाच जमातीतील वेगवेगळ्या कुळांत वाहक असू शकतात. त्यामुळे रक्ततपासणीस पर्याय नाही.

आपल्या चिकित्सालयात

नंदुरबार, गडचिरोली व विदर्भाच्या अन्य भागांत हा व्याधी विशेष आढळतो. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागांत या आजारावर दीर्घकाळ कार्य केले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. केडगाव पुणे रस्त्यावर आहे. कामाच्या शोधात दूरच्या जिल्ह्यांतून येणारी कुटुंबे आपल्याकडेही येतात. म्हणून हा आजार 'तिकडचा' समजू नये.

सांधेदुखी, शोथ व ज्वर पाहून आमवाताचे निदान सहज होते. धोका येथेच आहे. आमवातात लंघन, रूक्ष स्वेदन, विरेचन हा क्रम प्रशस्त. परंतु सिकलसेलच्या रुग्णात शरीरातील जलांश घटला की वेदनेचे आवेग उफाळतात. तीच चिकित्सा येथे अपायकारक ठरते. तसेच पांडु दिसला म्हणून लोह-मंडूरकल्प दीर्घकाळ देऊ नयेत. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात आधीच लोहसंचय असू शकतो. पुढील लक्षणांत संशय घ्यावा :

१. बालकाच्या हातापायांना वेदनायुक्त सूज.
२. वारंवार येणारे वेदनेचे आवेग, सोबत पांडुता व पिवळे डोळे.
३. प्लीहावृद्धी, किंवा कुटुंबात तसाच रुग्ण.

विद्राव्यता चाचणी स्वस्त आहे. परंतु ती वाहक व रुग्ण यांत भेद करीत नाही आणि सहा महिन्यांखालील बालकात फसवी ठरू शकते. निश्चितीसाठी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसी करावी. ज्ञात रुग्णास ज्वर किंवा श्वासकष्ट झाल्यास विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे.

औषधविक्रेत्यांसाठी

हायड्रॉक्सियुरिया गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि आवेग कमी करते. ते रक्तगणनेच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असते, गर्भवतीस वर्ज्य असते आणि चिठ्ठीविना देऊ नये. रुग्णाने ते स्वतःहून बंद केल्याचे आढळल्यास त्यास चिकित्सकाकडे परत पाठवावे. वरचेवर वेदनाशामके नेणाऱ्या तरुणाची विचारपूस करणे हेही आपलेच काम.

नवे संशोधन

याच तत्त्वावर जनुकसंपादन उभे आहे. रुग्णाच्या मूळपेशी काढून, क्रिस्पर तंत्राने बीसीएल११ए या जनुकाचा नियंत्रक भाग तोडतात. जन्मानंतर मंदावलेले गर्भकालीन हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. 'कॅसजेव्ही' या उपचारास नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने व डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. तथापि त्यापूर्वी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते आणि अमेरिकेत जाहीर झालेली किंमत २२ लाख डॉलर होती. आपल्या रुग्णांसाठी तूर्त प्रतिबंध हाच मार्ग.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट आहे. प्रसूतिपूर्व निदान कायद्यानुसार हिमोग्लोबिनविकारांसाठी गर्भाची तपासणी नोंदणीकृत केंद्रात करता येते.

विवाहापूर्वी सल्ला मागण्यास कुटुंबे आजही वैद्याकडे येतात. तेथे तपासणी सुचवावी; पण वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, आणि दोष मुलीचा नव्हे, हे स्पष्ट सांगावे. अहवाल गुप्त ठेवावा. बीजदोषाचे ज्ञान कुणाचा विवाह मोडण्यासाठी नाही. जन्मास येणाऱ्या बालकाचे दुःख टाळण्यासाठी आहे.