साखरेची तपासणी : आजची आणि तीन महिन्यांची



मधुमेह हा शहरातल्या बैठ्या माणसांचा आजार, ही समजूत आता सोडून दिली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि सर्व राज्यांत गोव्याचे प्रमाण सर्वांत जास्त, म्हणजे प्रौढांमध्ये शेकडा २६ हून अधिक आढळले. हा आजार सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. शेतात राबणारा धडधाकट माणूस स्वतःला निरोगी समजतो, आणि पायात रुतलेल्या काट्याची जखम महिनाभर भरून येत नाही तेव्हा कुठे त्याला कळते. म्हणून वेळीच रक्त तपासणे हाच शहाणपणा.

निदान कसे करतात?

आरोग्य केंद्रात बोटाला टोचून साखर पाहतात. ती पहिली चाचपणी. ती जास्त निघाली तर शिरेतून रक्त काढून खात्री करून घ्यावी. त्यासाठी रात्रीच्या जेवणानंतर निदान ८ तास काही खाऊ नये. साधे पाणी चालते, चहा चालत नाही. उपाशीपोटी साखर १०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे बांधावर उभे आहोत असे समजावे. १२६ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेल्या तपासणीत २०० किंवा अधिक आली तरीही मधुमेहच. फार तहान, वारंवार लघवी, वजन घटणे अशी लक्षणे नसतील तर एकाच आकड्यावर निर्णय होत नाही. डॉक्टर पुन्हा तपासणी करून घेतात.

तीन महिन्यांची नोंद

दुसरी तपासणी ‘एचबीएवनसी’ नावाची. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. रक्तात साखर जितकी जास्त, तितकी ती या पेशींतील हिमोग्लोबिनला अधिक चिकटते आणि पेशी मरेपर्यंत सुटत नाही. त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी या एका तपासणीत कळते. एक दिवसाच्या दुधाच्या मापावरून म्हशीची पारख होत नाही. डेअरीचे तीन महिन्यांचे कार्ड पाहावे लागते, तसेच हे आहे. या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही. ५.७ टक्क्यांच्या आत चांगले, ५.७ ते ६.४ सीमेवर, आणि ६.५ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली निदानासाठी ही तपासणी मान्य केली.

ज्यांना मधुमेह आहे अशा बहुतेक प्रौढांनी हा आकडा ७ च्या आसपास किंवा खाली ठेवावा. सरासरी साखर ७ टक्क्यांना सुमारे १५४, तर ९ टक्क्यांना सुमारे २१२ असते. वृद्ध व अशक्त माणसांसाठी डॉक्टर थोडी सूट देतात, कारण साखर एकदम उतरणे त्यांना अधिक धोक्याचे असते. साखर आटोक्यात असेल तर वर्षातून दोनदा आणि औषध बदलले असेल तर दर तीन महिन्यांनी ही तपासणी करावी.

एक सावधगिरी मात्र हवी. शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढू शकतो. सिकलसेलसारखा रक्ताचा आजार असेल किंवा नुकतेच रक्त चढवले असेल तर तो चुकीचा येऊ शकतो. आपल्या माताभगिनींत पंडुरोग पुष्कळ. म्हणून ही गोष्ट डॉक्टरांना आधी सांगावी.

काय टाळावे?

पुष्कळजण तपासणीच्या आधी दोन दिवस भात व गोड सोडतात आणि ‘रिपोर्ट चांगला आला’ म्हणून समाधान मानतात. त्या दिवशीची साखर कदाचित फसेल, तीन महिन्यांची नोंद फसत नाही. आणि डॉक्टरांना फसवून नुकसान कोणाचे? काहीजण आकडा उतरला की गोळ्या बंद करतात. पण आकडा उतरला तो गोळ्यांमुळे! पीक हिरवे दिसले म्हणून आपण पाणी तोडतो का? कारले, जांभूळ खुशाल खावे, पण त्यांच्या भरवशावर औषध सोडू नये.

प्रायश्चित्तकाळात आणखी एक प्रश्न येतो. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता उपवास केला तर साखर उतरून घाम सुटतो, थरथर होते, शुद्धही हरपू शकते. आजारी माणसावर उपवासाचे बंधन ख्रिस्तसभा घालत नाही. त्याने प्रार्थना करावी, दानधर्म करावा. त्याचा त्याग देवाजवळ कमी ठरत नाही.

तेव्हा तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, विशेषतः आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल त्याने, एकदा तरी रक्त तपासून घ्यावे. जुने कागद एका पिशवीत जपून ठेवावेत व दर खेपेस डॉक्टरांपुढे मांडावेत. शेत आपण देवाची ठेव म्हणून राखतो. शरीरही त्याचीच ठेव आहे.