सामाईक मिळकतीची कोर्टामार्फत विक्री : वकील नसला तरी

पुढे दुकानाचा गाळा आणि मागे राहते घर, आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी पुष्कळ कुटुंबांची एवढीच मिळकत असते. समजा, वालिद वारले. मागे आई, दोन मुले व एक मुलगी राहिली. थोरला दुकान चालवतो. धाकट्याला आपला हिस्सा मोकळा करून नगरला वर्कशॉप टाकायचे आहे. थोरला विकायला तयार नाही, आणि वकिलाची फी देण्याची ऐपत नाही म्हणून धाकटा वर्षानुवर्षे गप्प राहतो. अशा बांधवांसाठी ही माहिती देत आहोत.

पहिली गोष्ट, वकील लावलाच पाहिजे असे बंधन नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे पक्षकार स्वतः उभा राहून आपले काम चालवू शकतो आणि आष्टीच्या दिवाणी न्यायालयात दावा मराठीत दाखल करता येतो. मात्र शेजारचा जाणकार किंवा अर्ज लिहून देणारा तुमच्या वतीने बाजू मांडू शकत नाही. बोलायचे तुम्हीच.

दुसरी गोष्ट अशी की "दुकान विकून पैसे वाटून द्या" असा नुसता अर्ज चालत नाही. दावा वाटपाचा करावा लागतो आणि त्यात विक्रीची मागणी घालावी लागते. ही मागणी १८९३ च्या वाटप कायद्याच्या कलम २ खाली येते. मिळकतीचे तुकडे सोयीने होण्यासारखे नाहीत आणि विक्रीतच सर्वांचे हित आहे, असे कोर्टाला पटले पाहिजे. दहा फुटी गाळ्याचे चार भाग होत नाहीत, हे सांगायला नकाशा पुरतो. खरी अडचण पुढे आहे. ही मागणी करणाऱ्यांचा हिस्सा, एकट्याचा किंवा मिळून, निम्मा किंवा त्याहून अधिक हवा.

आता हिशेब करू. कर्ज वगैरे फेडून उरलेल्या मिळकतीचे ४० भाग धरा. आईचा आठवा हिस्सा म्हणजे ५. उरलेल्या ३५ पैकी प्रत्येक मुलाला १४ आणि मुलीला ७. धाकटा एकटा १४ वर आहे. आई त्याच्या बाजूने आली तरी १९ होतात. निम्म्याला एक कमी! बहीण आली तर मात्र २१ होतात. ज्या बहिणीकडून आपल्याकडे हक्कसोडपत्र लिहून घेण्याची घाई होते, तिचाच हिस्सा येथे पारडे फिरवतो. तिने थोरल्याच्या नावे हक्क सोडला तर त्याचे २१ झाले, आणि धाकट्याला कलम २ चा रस्ता बंद. म्हणून दाव्याआधी बहिणीकडे जावे, आणि तिचा वाटा तिला देण्याच्या इराद्यानेच जावे.

निम्मा हिस्सा जमला नाही तरी वाटप मागण्याचा हक्क जात नाही. मिळकत विभागण्यासारखी नसेल तर ती एकाला देऊन दुसऱ्याला रोख भरपाई, असा मार्ग कोर्ट काढू शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हे मान्य केले आहे.

थोरल्याच्याही हाती एक हक्क आहे. विक्रीची मागणी झाली की कलम ३ प्रमाणे तो "यांचा हिस्सा मीच घेतो" असे म्हणू शकतो. मग कोर्ट किंमत ठरवते. हा हक्क उत्पन्न होतो त्या दिवसाचा भाव धरायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली मुंबई उच्च न्यायालयाकडून आलेल्या अपिलात ठरवले. थोरल्याने असा अर्ज दिल्यावर आपला दावा मागे घेऊन त्याचा हक्क बुडवता येत नाही. तेव्हा केवळ धाक दाखवण्यासाठी विक्री मागू नये. आमच्या पाहण्यात तर पुष्कळांना हवा असतो तो हाच शेवट : दुकान घरातच राहते आणि धाकट्याला भांडवल मिळते.

कागदपत्रांत वालिदांचा मृत्यूचा दाखला, खरेदीखत, नगरपंचायतीचा कराचा उतारा आणि सिटी सर्व्हे झाला असल्यास मालमत्ता पत्रक जोडावे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुनी खते उर्दूत निघतात. त्यांचे मराठी भाषांतर करून घ्यावे. करासाठी नाव एकट्या थोरल्याचे लागले असले तरी घाबरू नये, त्या नोंदीने मालकी ठरत नाही. परंतु तो तुमचा हिस्साच उघडपणे नाकारू लागला असेल तर बारा वर्षांच्या मुदतीवर नजर ठेवा. आई, बहीण, भाऊ, सर्व हिस्सेदारांना पक्षकार करा. एकही वगळला तर दावा लंगडा पडतो. कोर्ट फी आपल्या हिश्श्याच्या किमतीवर लागते, सगळ्या मिळकतीच्या नव्हे. शेतजमिनीचे प्रकरण वेगळे. हिस्से कोर्ट ठरवते, पण सरकारी आकाराच्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते.

निकाल दोन टप्प्यांत लागतो. आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, त्यात फक्त हिस्से ठरतात. पुष्कळ लोक तो कागद घरी आणून पेटीत ठेवतात आणि पैशाची वाट बघत बसतात. पैसा येतो तो मोजणी, विक्री वगैरे होऊन अंतिम हुकूमनामा झाल्यावर. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर कोर्टाने आपण होऊनच पुढचे काम चालवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले आहे. तरी पुढची तारीख स्वतः विचारून घेतलेली बरी.

साक्षीपुरावा आणि उलटतपासणी हा भाग मात्र एकट्याला जड जातो. तेथे तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बहीण किंवा आई वादी असेल तर तिने हा अर्ज दाव्याआधीच द्यावा. दावा चालू असताना लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसते.