सत्तर-आरचा बाऊ करू नकोस

मने, पुलांच्या ऑफिसात लागलीस काय नि आठवड्यात तोंड पाडून बसलीस काय! अगं, पुलांवरच्या भारांचं ते आयआरसी ६ पहिल्यांदा उघडलं की सगळ्यांचंच डोकं गरगरतं. ये, बस इथे.

त्यातली वाहनं रस्त्यावर शोधायला जाऊ नकोस. क्लास एची ती आठ एक्सलची, ५५.४ टनांची माळ कुठल्याच टोलनाक्यावर दिसायची नाही. खरे ट्रक हजार तऱ्हांचे, एकेकाचा हिशेब कोण करत बसणार? म्हणून सगळ्यांच्या वतीने ही ठरवून घेतलेली मंडळी. ७०आर पट्ट्यांवर चालतं तेव्हा ७० टनांचं, आणि चाकांवर आलं की चक्क १०० टनांचं! तेव्हा नावावर जाऊ नकोस, आकृतीतल्या एक्सलची बेरीज कर. क्लास बी म्हणजे एच्या साधारण ६० टक्के. लाकडी पुलांसाठीचा, तुला बहुधा लागायचा नाही.

आता खरी गोम ऐक. दोन पदरी पुलावर एक ७०आर किंवा दोन क्लास ए, दोन्ही लावून बघायचे असतात. नवी पोरं जड तेच घातक समजून ७०आर लावतात नि मोकळी होतात. तू कठड्याखालचा बाहेर आलेला स्लॅब, म्हणजे कॅंटिलिव्हर, घे. समज, गर्डरपासून कठड्याच्या आतल्या कडेपर्यंत सव्वा मीटर आहे. ७०आरला कठड्यापासून १.२ मीटर दूर राहावं लागतं, म्हणजे ते जवळपास गर्डरवरच. स्लॅबला त्याचं सोयरसुतक नाही. क्लास ए मात्र १५ सेंटीमीटरपर्यंत खेटतो. त्याच्या जड एक्सलचं चाक ५० सेंटीमीटर रुंद, म्हणजे ५.७ टन गर्डरपासून ८५ सेंटीमीटरवर येऊन बसले. धक्क्याचं वाढीव वजन वेगळंच. वरची सळई किती, ते तिथे हा हलका गडी ठरवतो!

आणि ३८५ टनांच्या एसव्हीने, म्हणजे त्या खास वाहनाने, तर मुळीच दचकू नकोस. तो पुलावर एकटाच, मधोमध, ताशी ५ किलोमीटरने जातो, म्हणून धक्काही धरत नाहीत. लहान मोरीवर तर त्याचे मोजकेच एक्सल मावतात.

तुमचे सर ‘गव्हर्निंग केस कोणती?’ विचारतील, तेव्हा सॉफ्टवेअरचा प्रिंटआउट पुढे करू नकोस, चाकं कुठे उभी आहेत ते काढून दाखव. रविवारी तुझं ड्रॉइंग घेऊन ये, कॅंटिलिव्हर हातानेच सोडवू. आणि येताना खारी आण.