आधी शेत, मग वाट

(शरदऋतूतील पायी यात्रेविषयी एक पाठ)



दिवाळी झाली, सोयाबीनची रास घरी आली, की आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील पुष्कळ गावांत एक चर्चा ऐकू येते. कोणी म्हणतो, "औंदा मी परिक्रमेला जातो." परिक्रमा म्हणजे नर्मदा नदीस पायी घातलेली प्रदक्षिणा. आषाढातील पंढरीची वारी आपण सर्वांनी पाहिली आहे. शेगावची पालखी परतताना खामगावाहून शेगावापर्यंत चालणारी गर्दीही आपणांस परिचित आहे. तथापि नर्मदेची वाट ही निराळी आहे. ती महिनेच्या महिने चालते, आणि तिला आरंभ होतो तो ह्याच ऋतूत.

हा पाठ आम्ही दोन कारणांसाठी लिहीत आहो. एक असे की, ही वाट धरणारे आपले शेजारी आहेत, आणि जाण्यापूर्वी ते सल्ला विचारावयास येतात. दुसरे असे की, आपले उपदेशकबंधू स्वतः गावोगाव पायी फिरतात; लांब चालण्याची विद्या त्यांच्याही कामाची आहे.

१. एका शेजाऱ्याची हकीकत

आमच्या गावी तीन एकर कोरडवाहू जमिनीचा एक शेतकरी आहे. काही वर्षांपूर्वी भाऊबीज होताच तो परिक्रमेस निघाला. पाच महिन्यांचा बेत होता. शेतात कापूस फुटत होता. वेचणीचे काम पत्नीवर टाकून तो गेला. पायांत नवे कोरे बूट, पाठीवर सतरा किलोंचे ओझे. चौथ्या दिवशी त्याच्या दोन्ही टाचा सोलून निघाल्या. सहाव्या दिवशी तो आमच्या ओसरीवर बसला होता. मोजे जखमांस असे चिकटले होते की, कोमट पाण्यात भिजवून ते काढावे लागले. मधल्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला होता. सर्वांचीच वेचणी एकदम आल्यामुळे त्याच्या पत्नीस मजूर मिळाले नाहीत, आणि फुटलेला कापूस झाडावरच भिजून काळा पडला. तो म्हणाला, "पाळकसाहेब, पायबी गेले अन् कापूसबी गेला."

त्याच्या भक्तीत उणे होते असे आम्ही म्हणत नाही. उणे होते ते तयारीत. आणि तयारी म्हणजे केवळ बूट व पिशवी नव्हे, हेच ह्या पाठात सांगावयाचे आहे.

२. वाट कशी आहे

नर्मदा अमरकंटकाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवर उगम पावते, आणि विंध्य व सातपुडा ह्यांच्या मधून पश्चिमेस वाहत जाऊन भरूचच्या पुढे खंभातच्या आखातास मिळते. तिची लांबी सुमारे १,३१२ किलोमीटर आहे. म्हणजे दोन्ही तीर मिळून वाट २,६०० किलोमीटरांहून अधिक होते. रोज २० ते २५ किलोमीटर चालणाऱ्यास चार ते सहा महिने लागतात. जुन्या परंपरेत हा काळ ३ वर्षे ३ महिने १३ दिवस असा सांगितला आहे. कारण चातुर्मासात यात्रेकरू एका ठिकाणी थांबून राहतो. कार्तिक शुद्ध एकादशीस चातुर्मास संपतो, आणि मग पावले सुटतात.

नियम असा की, नदी नेहमी उजव्या हातास असावी व ती मध्ये कोठेही ओलांडू नये. आपल्या भागातील बहुतेक लोक खंडवा जिल्ह्यातील ओंकारेश्वर येथून आरंभ करतात. तेथून दक्षिण तीराने पश्चिमेस समुद्रापर्यंत जावयाचे. समुद्रमुखाशी कठपोर येथून भरतीची वेळ पाहून नावेने उत्तर तीरावरील मीठी तलाई गाठावयाची. मग पूर्वेस अमरकंटकापर्यंत चढून पुन्हा दक्षिण तीराने ओंकारेश्वरास परतावयाचे.

ही वाट आता जुनी राहिलेली नाही, हेही जाणाऱ्याने समजून घ्यावे. जबलपूरजवळील बरगी, खंडवा जिल्ह्यातील इंदिरा सागर आणि गुजरातेतील सरदार सरोवर ह्या धरणांनी जुन्या तीरांचे मोठे भाग पाण्याखाली गेले. इंदिरा सागराच्या पाण्यासाठी हरसूद हे सबंध शहर २००४ साली उठले. सरदार सरोवराची भिंत २०१७ साली १३८.६८ मीटर ह्या पूर्ण उंचीस पोहोचली. बडवानीच्या पुढील शूलपाणीच्या झाडीतून, आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगरांतून, जी पायवाट पूर्वी काठाने जात असे, ती आता चढउतारांच्या कड्यांवरून जाते. म्हणून जुन्या माणसाने सांगितलेला मुक्काम त्याच जागी सापडेलच असे नाही. ताजी माहिती आदल्या वर्षी जाऊन आलेल्यास विचारावी.

३. आधी शेत

शास्त्राभ्यास करणाऱ्या आपल्या वाचकांस हे ठाऊक आहे की, प्राचीन इस्राएल लोकही वर्षातून तीन वेळा यात्रेस जात. त्यांपैकी शरदातील मांडवांचा सण केव्हा येई? खळ्यातील धान्य व कुंडातील द्राक्षारस साठविल्यावर. पीक उभे टाकून कोणी यरुशलेमेची वाट धरावी अशी ती व्यवस्था नव्हती. घरातील मुलगा, मुलगी, दास, दासी, परका, पोरका आणि विधवा ह्या सर्वांचा त्या सणाच्या आनंदात वाटा होता. आमच्या शेजाऱ्याच्या घरी त्या वर्षी आनंदाचा वाटा एकाचा होता, आणि कष्टाचा वाटा दुसरीचा.

आपल्या जिल्ह्यात आश्विनात सोयाबीन निघते, त्याच वेळी हरभऱ्याची पेरणी गाठावी लागते, आणि कपाशीची वेचणी कार्तिकापासून पौषापर्यंत तीन-चार फेऱ्यांत चालते. तूर त्यानंतर. म्हणून जाणाऱ्याने निघण्यापूर्वी चार गोष्टी उघडपणे बोलून घ्याव्यात. वेचणी कोण करील आणि मजुरीचे पैसे कोठून येतील? दुकानदाराची बियाण्याखताची उधारी फेडली आहे काय? घरी आजारी किंवा वृद्ध माणूस असल्यास रात्री-अपरात्री कोण धावेल? आणि चौथी गोष्ट, जी पुरुष सहसा विचारीत नाहीत: पत्नीची संमती मनापासून आहे, की ती केवळ गप्प आहे?

ह्या चारही प्रश्नांस उत्तर नसेल, तर पाच महिने जाण्याची वेळ आलेली नाही. परंतु तेवढ्याने वाट बंद होत नाही. जबलपूरचे चित्रकार व लेखक अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) हे पेशाने कलाशिक्षक. १९७७ साली, वयाच्या पन्नाशीजवळ, त्यांनी नर्मदेच्या काठाने चालण्यास आरंभ केला. नोकरी न सोडता, सवड सापडेल तसे, तुकड्या-तुकड्याने ते पुढील कित्येक वर्षे चालत राहिले. जेथे थांबत तेथून पुढच्या खेपेस निघत. पुढे त्यांच्या पत्नीही सोबत चालल्या. अखंड परिक्रमेलाच पूर्ण मानणारे लोक ह्यास खंडित म्हणतील, आणि परंपरेच्या दृष्टीने ते योग्यही आहे. पण ज्याच्या घरी दोन लहान मुले व तीन एकर कपाशी आहे, त्याने कोणता कित्ता गिरवावा हे सांगण्यास फार विचार लागत नाही.

४. मग पाय

पाय हे एका आठवड्यात तयार होत नाहीत. निघण्यापूर्वी निदान दहा आठवडे अभ्यास करावा. पहिल्या आठवड्यात रोज चार-पाच किलोमीटर. मग हळूहळू वाढवीत जावे. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विसावा घ्यावा. शेवटच्या पंधरवड्यात, वाटेत न्यावयाचे तेच ओझे पाठीवर घेऊन, लागोपाठ दोन दिवस वीस-वीस किलोमीटर चालून पाहावे. पहिला दिवस सर्वांनाच जमतो; दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय म्हणतात, ती खरी परीक्षा.

जोडा नवा नसावा. अभ्यासात जो वापरला तोच वाटेवर न्यावा. दिवसभर चालून पाऊल सुजते, म्हणून तो सायंकाळी विकत घ्यावा व बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा असावी. मोजे कोरडे असावेत. भिजलेला मोजा हा फोडाचा बाप होय. कातडीस चटका लागताक्षणी थांबावे व तेथे चिकटपट्टी लावावी; पुढच्या मुक्कामापर्यंत सोसण्यात शौर्य नाही. फोड आलाच, तर त्यावरील कातडी ओढून काढू नये. मधुमेह असणाऱ्याने रोज रात्री दिव्याच्या उजेडात तळवे तपासावेत. त्यास जखम कळत नाही. निघण्यापूर्वी दवाखान्यात धनुर्वाताची सुई घेण्याविषयी विचारावे.

ओझे शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावे. म्हणजे साठ किलोंच्या माणसास सहा किलो. दोन जोड कपडे, एक गरम पांघरूण, मच्छरदाणी, पाण्याचे भांडे, काठी, विजेरी, नित्याची औषधे व ओळखपत्र. आरंभी दुपारचे ऊन असते, परंतु मार्गशीर्ष-पौषात काठची थंडी हाडांत शिरते. म्हणून पांघरूण कमी करू नये, इतर सर्व कमी करावे.

जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पीत राहावे. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. अवयव स्थिर ठेवून रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. मंत्रात घालविलेला तास परत मिळत नाही.

५. दुसऱ्याच्या दारी

ह्या वाटेवर यात्रेकरूस "परिक्रमावासी" म्हणतात, आणि आश्रमात पोहोचताच विचारतात, "किती मूर्ती?" म्हणजे माणसे किती. काठच्या गावांत कोठे तयार जेवण मिळते, कोठे सदाव्रत, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ व मीठ, आणि यात्रेकरूने स्वतः रांधून घ्यावयाचे. देणारे बहुधा श्रीमंत नसतात. डोंगरातील भिल्ल व पावरा कुटुंब स्वतःच्या भाकरीतून भाकरी देते, हे लक्षात ठेवावे. कधीकाळी ह्याच शूलपाणीच्या झाडीत यात्रेकरू लुटले जात अशी ख्याती होती; आज तेथे चहा पाजणारी घरे आहेत.

म्हणून घेणाऱ्याचेही काही धर्म आहेत. दुपारनंतर आगाऊ निरोप न देता मोठा जथा एका झोपडीवर उतरवू नये. मिळेल ते खावे, नावे ठेवू नयेत. निघण्यापूर्वी जागा झाडून द्यावी. नदीत साबण, जुने कपडे व कचरा टाकू नये. जिला प्रदक्षिणा घालावयाची, तिलाच मळविणे हे कसले चालणे?

आणि आपण, जे घरीच राहणार, त्यांच्याही दारावरून दिंड्या जातात. त्या कोणत्या देवाचे नाव घेत जातात हे विचारून मग पाणी देणारा मनुष्य शेजारी ह्या नावास पात्र नाही. एक माठ, थोडी सावली, आणि पाय बुडविण्यास एक बादली, इतके प्रत्येक घरास शक्य आहे.

६. पुढे काय झाले

आमच्या शेजाऱ्याने पुढील वर्ष घरीच काढले. तिसऱ्या वर्षी श्रावणापासून तो पहाटे शेताच्या बांधावरून चालू लागला. सोयाबीन विकून उधारी फेडली, हरभरा पेरला, कपाशीच्या दोन वेचण्या पत्नीबरोबर स्वतः केल्या, आणि मेहुणा घरी राहावयास आल्यावर मग निघाला. अकरा दिवस चालला व परत आला. त्यापुढच्या वर्षी बारा दिवस. समुद्र त्याने अद्याप पाहिलेला नाही. ह्या खेपेस निघताना त्याच्या पत्नीने भाकऱ्या बांधून दिल्या, आणि म्हणाली, "पुढल्या साली पोरं शाळेत राह्यतील, तवा मीबी येईन." आम्हांस वाटते, त्याची यात्रा त्या दिवशी सुरू झाली.

मनन करण्यासाठी प्रश्न

(उपदेशकांनी सायंकाळच्या बैठकीत वाचून दाखवावेत.)

१. लांबच्या वाटेस निघण्यापूर्वी घरी कोणत्या चार गोष्टी बोलून घ्याव्यात?

२. मांडवांचा सण पिकाच्या कोणत्या वेळी येत असे? त्यावरून आपल्या शेतकऱ्याने काय शिकावे?

३. पायांची तयारी किती आठवडे करावी, आणि ओझे किती असावे?

४. आपल्या गावावरून जाणाऱ्या वाटसरूंसाठी ह्या वर्षी आपली मंडळी काय करील? माठ कोण भरील, हे आजच ठरवावे.