बँकेच्या लिलावांतील मिळकत : पाहणी बोलीपूर्वींच करावी

कर्ज थकल्यामुळें बँकेनें विक्रीस काढलेलीं गोदामें, गाळे व घरें स्वस्त मिळतात, या समजुतीनें पुष्कळ शेतकरी बंधू बोली करण्यास पुढें येतात. खाजगी व्यवहारांत "मोजणींत क्षेत्र कमी भरल्यास विसार परत" अशी अट घालतां येते. बँकेची विक्री "जशी आहे, जेथें आहे" या तत्त्वावर होते. तेथें सशर्त बोली सहसा घेत नाहींत. अटीचें काम आधींच्या पाहणीनें करून घ्यावें लागतें.

सरफेसी कायद्याखालील २००२ च्या नियमांप्रमाणें, बोली मान्य झाल्यावर त्याच दिवशीं अगर फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशीं, अनामतीसह किंमतीचा चौथा हिस्सा भरावा लागतो. बाकी रक्कम विक्री कायम झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत, किंवा लेखी मान्य झालेल्या वाढीव मुदतींत भरावयाची. ती मुदत तीन महिन्यांहून अधिक नसते. चुकल्यास भरलेली रक्कम जप्त होते. २० लाखांच्या गाळ्यावर हा फटका ५ लाखांचा आहे. बँकेचें प्रत्यक्ष नुकसान कमी झालें, एवढ्याच कारणानें रक्कम परत मिळत नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ चा निर्णय आहे.

म्हणून पुढील गोष्टी क्रमानें पाहाव्यात :

(१) ताबा. जाहिरातींत तो "प्रत्यक्ष" कीं "प्रतीकात्मक" हें वाचावें. प्रतीकात्मक असल्यास आंत मूळ मालक किंवा भाडेकरू राहत असूं शकतो. जागेवर जाऊन शेजाऱ्यांस विचारावें.

(२) दप्तर. सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार व इतर हक्कांचा रकाना तपासावा. दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील जुन्या नोंदींचा शोध वकिलाकडून घ्यावा. शेतजमिनीवरील तारण या कायद्यांतून कलम ३१ नें वगळलें आहे. जमीन अकृषिक म्हटली असल्यास तसा आदेश मागावा, नाहींतर विक्रीच वादांत सांपडेल.

(३) क्षेत्र व बांधकाम. जाहिरातींतील चतुःसीमा मोजणी नकाशाशीं जागेवर ताडाव्यात. पाहणीच्या दिवशीं जाणता गवंडी बरोबर न्यावा. भिंतींच्या भेगा, छताची गळती व रस्ता पाहावा.

(४) थकबाकी. घरपट्टी, वीज व पाणी यांची बाकी कोणी भरावयाची, हें बँकेकडून लेखी घ्यावें.

दुरुस्तीचा खर्च बोलीच्या आंकड्यांतून वजा करतां येतो. हक्काची किंवा ताब्याची शंका मात्र कोणत्याहि आंकड्यानें भरून निघत नाहीं. ती राहिल्यास बोली करूंच नये.