तंजावरच्या उकाड्यात जाळीचे पायमोजे

प्रश्न : सुती दोऱ्याने जाळीचे पायमोजे विणले, पण दोनदा धुतल्यावर ते सैल पडून घोट्याखाली घसरतात. लोकर वापरावी का? (एक वाचक, तंजावर)

उत्तर : दोरा बदलण्याआधी आराखडा बदला. लोकरीचा कोरडा तंतू 25 टक्क्यांहून अधिक ताण सोसतो आणि बराचसा पूर्ववत होतो. कापसाचा मात्र 10 टक्क्यांच्या आसपासच तुटतो. म्हणून सुती मोज्यात पाय धरून ठेवण्याचं काम विणीलाच करावं लागतं. जाळीत सुईवर दोरा घेऊन टाका वाढवतात आणि दोन टाके एकत्र विणून तो घटवतात. ही भोकं एकदा ताणली की सुती दोऱ्यात आपणहून मिटत नाहीत. तेव्हा जाळी पावलाच्या वरच्या बाजूला आणि पोटरीकडेच ठेवा. तळवा, टाच आणि बोटांचा भाग साधा विणा. काठ एक सुलट, एक उलट असा चार-पाच सेंटिमीटर विणून आत बारीक इलॅस्टिक दोरा घ्या. पायाचा घेर 22 सेंटिमीटर असेल, तर मोजा 20चा धरा.

लोकर घाम शोषते, मग तीच का नको, असं कुणी म्हणेल. शोषते हे खरं. पण कावेरीकाठच्या दमट उन्हाळ्यात ती उबही धरते आणि तिला कसर लागते. उलट, तुमच्याच राज्यातल्या तिरुप्पूरचे सुती बनियन अंगाला बसतात ते मुख्यतः विणीमुळे. सुतीच विणा, फक्त नमुन्याचा तुकडा धुऊन, वाळवून मगच टाके मोजा.